बाबांची रजा

रजा मागण्यासाठी शेठच्या बाबांइतकी तयारी क्वचितच कुणी केली असेल, आणि एवढी तयारी करून त्यांच्याइतक्या वेळा हात हलवत परत आलेला माणूसही विरळाच.

शेठ म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. हे नाव बाबांनीच ठेवलं, ती चालायला लागली त्या सुमाराला, कारण ती नुसतं बोट दाखवायची आणि घरातली मोठी माणसं कामाला लागायची. "शेठ उठले का?" "शेठना दूध नको झालंय, कुणीतरी पिऊन टाका," अशी घरातली बोली. पुढे गल्लीनं ते नाव उचललं, मग शाळेनं, आणि तिचं खरं नाव हजेरीपटाच्या कामापुरतं उरलं.

बाबा बॅगांच्या कारखान्यात कटर होते. कॅनव्हासचे थर टेबलावर अंथरायचे, त्यावर पत्र्याचा साचा ठेवायचा, त्याला ते फर्मा म्हणत, खडूनं कडेकडेनं आखायचं आणि सुरी चालवायची. हात इतका साफ की सगळ्यात वरचा तुकडा आणि सगळ्यात खालचा तुकडा जुळी भावंडं वाटावीत. सुरी हातात असली की हा माणूस राजा. पण हाच राजा रजा मागायची म्हटली की आदल्या दिवसापासून घामाघूम व्हायचा.

मग घरी तालीम व्हायची. साहेबांचं काम आत्याकडे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कायमची इथेच राहणारी आणि साहेब होण्यासाठीच जन्माला आलेली. ती खुर्चीत बसायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायची आणि नसलेल्या फोनवर बोलत राहायची. बाबा दारात, एक पाय आत आणि एक बाहेर. दोन्ही पाय आत टाकले तर आगाऊपणा दिसतो आणि दोन्ही बाहेर ठेवले तर साहेबांना ऐकू येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

"साहेब, जरा एक..."

"कामाचं बोला."

"परवा मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलंय."

"तिच्या आईला पाठवा."

"ती येणारच आहे."

"मग तुमची गरज काय? मूल एक आणि पालक दोन, ही उधळपट्टी कशाला?"

आई ओट्यापाशी पोट धरून हसायची. "अहो वन्सं, खरे साहेब इतके वाईट नाहीत हो."

"नसू देत. घरी कडक भेटला की तिथं सोपा जातो," आत्या म्हणायची.

तिथंही सोपा जात नसे, ते सोडा. शाळेच्या त्या सभेला अखेर आई एकटीच गेली.

शेठ कॉलेजच्या उंबरठ्यावर असताना आई आजारी पडली आणि तालमी बंद झाल्या. बाबांच्या वर्षाच्या हक्काच्या रजा आईच्या तपासण्यांत संपल्या. उरलेल्या दिवसांत शेठ हॉस्पिटलमध्ये, आत्या घर आणि हॉस्पिटल यांच्या मधल्या रस्त्यावर, आणि बाबा संध्याकाळी. एका सकाळी डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, घरच्यांना बोलावून घ्या. आत्यानं कारखान्यात फोन केला. निरोप लगेच पोचला. बाबा साहेबांच्या केबिनपाशी गेले. आत बाहेरगावचे व्यापारी बसले होते. शिपाई म्हणाला, थांबा. बाबा थांबले.

त्यांना कुणी अडवलं नव्हतं. फाटक उघडं होतं. तसेच चालत निघाले असते तर कुणी पाठलाग करून धरून आणलं नसतं. पण विचारल्यावाचूनही निघता येतं, हे त्या पायांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

इकडे शेठ आईच्या उशाशी एकटी. आत्या औषधाच्या दुकानात. आईनं डोळे उघडून विचारलं, "सोडलं का गं त्यांना?"

"निघालेत. येतीलच."

थोड्या वेळानं आईनं पुन्हा तेच विचारलं. शेठनंही पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही.

बाबा आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर खडूची पांढरी रेघ होती. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि काहीतरी परवानगी हवी असल्यासारखे सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. आई काय विचारत होती, हे शेठनं त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कितीतरी वर्षं नाही. तिनं तो प्रश्न गिळला आणि तो तिच्या पोटात तसाच राहिला, न विरघळता.

पुढे शेठ शिकली, नोकरीला लागली आणि एके दिवशी नोकरी सोडून तिनं बॅगा बनवायचा स्वतःचा कारखाना काढला. आता तरुण माणसानं धंदा काढला की तो का काढला हे त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं. आत्याच्या मते पोरीच्या डोक्यात हवा गेली होती. शेजाऱ्यांच्या मते लग्न टाळायची ही नवी युक्ती होती. मैत्रिणी म्हणाल्या, हिला कुणाचं ऐकून घ्यायला आवडत नाही, शाळेपासूनच. बँकेतले अधिकारी म्हणाले, बाजारात चांगल्या बॅगांना मागणी आहे हे तुम्ही अचूक हेरलंत. शेठनं आयुष्यात काही हेरलं नव्हतं. पण कर्ज मिळेपर्यंत तिनं मान डोलावली.

कारखाना म्हणजे रंगाच्या दुकानाच्या मागची लांबोळकी खोली. एका भिंतीला शिलाईची मशीनं, मधे कापायचं टेबल, छताशी दोन पंखे, त्यातला एक फिरणारा आणि एक सोबतीला. केबिन नव्हतीच. सुताराला तिनं बजावून सांगितलं होतं, केबिन नको, केबिनचं दारही नको. शेठचं टेबल सगळ्यांच्या मधे, येणाऱ्याजाणाऱ्याचा कोपर लागेल असं. आणि बाहेरच्या दाराशी भिंतीत ओळीनं खुंट्या.

त्या खुंट्या म्हणजे तिचा एकुलता एक कायदा. इथे कुणीही कुणाकडे रजा मागायची नाही. ज्याला जायचंय त्यानं ॲप्रन काढून आपल्या खुंटीला लावायचा आणि जायचं. कुठे, का, कुणी विचारणार नाही. पगार कापला जाणार नाही. आल्यावर ॲप्रन घालायचा आणि राहिलेलं काम उचलायचं.

"असं चालत नसतं," मशीनवर बसणारी मावशी म्हणाली. बाईनं चार कारखाने पाहिले होते. "आठवडाभरात इथे मशीनं आणि तू, एवढेच उराल."

"मशीनं तरी उरतील ना?"

"त्यांना पाय असते तर तीही गेली असती."

पहिला ॲप्रन काढला तो चेनवाल्यानं. बॅगांच्या चेनी बसवणारा हा गृहस्थ तोंडाचा पट्टा न थांबवता काम करायचा. एका दुपारी तो बोलता बोलता गप्प झाला, उठला, ॲप्रन खुंटीला लावला आणि निघून गेला. तासाभरानं परत.

"कुठे गेला होतास रे?" मावशीनं विचारलं. कायदा शेठला लागू होता, मावशीला नव्हता.

"कुठेच नाही. कोपऱ्यावर उभा होतो. खरंच जाऊ देतात का, ते बघत होतो."

कारखाना बुडाला नाही. कधी माल उशिरा गेला, कधी गिऱ्हाईक चिडलं, पण ज्याची खुंटी आज भरली तो उद्या लवकर येऊन बसायचा, आणि मावशीच मग सगळ्यांवर डाफरायची, "तिनं काही विचारलं नाही म्हणून आपण लाज सोडायची का?"

बाबा वयोमानानं निवृत्त झाले आणि शेठकडे कापायला आले. जुन्या कारखान्यानं निरोपाला त्यांना सुटकेस दिली. बाबांनी ती घरी आणून उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "ही मीच कापलीय."

शेठ ज्या दिवसाची वाट पाहत होती तो हा दिवस. सगळा पसारा तिनं ज्याच्यासाठी मांडला तो माणूस आता तिच्या टेबलापाशी सुरी घेऊन उभा होता, आणि त्याला आता कुणाकडे काही मागायचं नव्हतं. फक्त हे त्याला शिकवायचं राहिलं होतं.

ते काम सोपं नव्हतं. बाबा तिच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. केबिनचं दार नसल्यामुळे एक पाय टेबलापुढच्या पायपुसण्यावर आणि एक त्याच्या बाहेर.

"शेठ, जरा एक..."

"बाबा, विचारायचं नाही."

"विचारत नाहीये, सांगतोय."

"सांगायचंही नाही."

"मग तुला कळणार कसं?"

"खुंटीवरून."

ते खुंटीकडे पाहायचे, मान हलवायचे आणि परत टेबलापाशी जाऊन कापायला लागायचे. पहिल्यांदा न विचारता गेले ते केस कापायला. तिथे खुर्चीत बसल्यावर यांना राहवेना, अर्धे केस कापून झाल्यावर ते उठले आणि धावत कारखान्यात आले. डोक्याची एक बाजू साफ, एक बाजू जंगल. मावशीनं आपल्या या कटिंग मास्तरला दारातूनच परत पाठवलं. "मास्तर, उरलेलं डोकं आणा आधी."

पण मग हळूहळू त्यांना जमायला लागलं. आणि एकदा जमल्यावर बाबांनी जे काढलं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते पोहायला शिकायला लागले. तलावावर नवशिक्यांची वेळ दुपारची, आणि नवशिके सगळे दुधाचे दात पडलेले. त्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत पाठीला फुगा बांधून बाबा काठाची पट्टी धरून पाय मारायचे. दुपार झाली की ॲप्रन खुंटीवर, टॉवेल खांद्यावर, आणि स्वारी निघाली, इकडेतिकडे न बघता. परत यायचे ते ओल्या केसांनी, डोळे लाल, आणि चेहरा असा की शेठला तो आईबरोबरच्या जुन्या फोटोंतच काय तो आठवत होता.

"आज हात सोडला," एकदा ते म्हणाले.

"काठाचा?"

"मग काय, तुझा?"

त्या दिवशी शेठनं सगळ्यांना चहा पाजला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही. कारखाना यापुढे नुसता चालत राहिला तरी तिला पुरे होतं.

मग तिला एका कॉलेजनं बोलावलं. तरुणांना उद्योजक व्हायची प्रेरणा कुठून मिळते, या विषयावर बोलायला. तिच्याआधी दोघं बोलले. एक गाद्यांचे कारखानदार म्हणाले, लहानपणी झोप लागायची नाही, तिथूनच सुरुवात झाली. दुसरा मोबाइलमध्ये काहीतरी विकणारा तरुण, तो म्हणाला, मला जग बदलायचं होतं. टाळ्या झाल्या. शेठनं बाजार, मागणी, चिकाटी वगैरे ठरलेलं बोलून घेतलं. शेवटच्या रांगेत बाबा आणि आत्या, इस्त्रीचे कपडे घालून, कुणी उठवेल की काय अशा भीतीनं ताठ बसलेले.

शेवटी प्रश्न होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, खरं सांगा ना. सगळे मोठमोठं बोलतात. शेवटी पैशासाठीच ना?"

सगळे हसले. शेठही हसली असती तर बरं झालं असतं. पण ते "खरं सांगा ना" तिला कुठेतरी लागलं. तिनं खरं सांगितलं. आई, हॉस्पिटल, उघडं फाटक, केबिनबाहेर थांबलेला माणूस. आणि आईनं काय विचारलं तेही. "सोडलं का गं त्यांना, असं ती विचारत होती. म्हणून मी अशी जागा काढली, जिथे माझ्या बाबांना कुणाला विचारावं लागणार नाही."

सभागृहात टाळ्या थांबेनात. पोरं उभी राहिली. शेठनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की हा प्रश्न बाबा आज पहिल्यांदा ऐकत होते. टाळ्या वाजवायच्या असतात म्हणून तेही वाजवत होते. आत्यानं त्यांचा हात धरून खाली आणला.

घरी परतताना बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. तसेच बघत म्हणाले, "किती वेळा विचारलं तिनं?"

"बाबा, जाऊ दे ना आता."

"नाही, आपलं सहज."

"दोनदा."

एखाद्या तुकड्याचं माप ऐकून घ्यावं तशी त्यांनी मान हलवली.

त्यानंतर बाबा तलावावर गेले नाहीत. सकाळी सगळ्यांच्या आधी ते टेबलापाशी असायचे आणि सगळे गेल्यावरही तिथेच. ॲप्रन अंगावर घालूनच घरी जायला लागले, त्यामुळे त्यांची खुंटी रिकामी ती रिकामीच. "पोहणं का सोडलंत?" मावशीनं विचारलं तर म्हणाले, "आता येतं की." मावशी म्हणाली, "एक दिवस हात सोडला म्हणजे आलं होय?" त्यावर त्यांनी पुढचा थर अंथरला.

शेठला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच सुमाराला एका मोठ्या शाळेच्या दप्तरांचं काम मिळायची चिन्हं होती. नमुने, बदल, पुन्हा नमुने. बाबा पहाटेपासून राबत होते ते त्याच्यासाठीच, असं तिनं धरून चाललं. तिला बरंही वाटलं. वेळ पडली की बाबा कसे पेटून उठतात, असं ती आत्याला कौतुकानं सांगायची. आत्या काही बोलायची नाही. आत्या बोलत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे एरवी तिला लगेच कळलं असतं.

शाळेत शेवटची बैठक होती त्या दिवशी सकाळपासूनच बाबांच्या छातीत दुखत होतं, पण शेठला त्यांनी पत्ता लागू दिला नाही. शेठ निघाली तेव्हा त्यांनी तिला दारापर्यंत सोडलं आणि नमुन्याच्या दप्तरावरचा धागा चिमटीनं काढला. मग टेबलावर थर अंथरले. पुढचं मावशीनं नंतर सांगितलं.

"मास्तर, घाम बघा किती आलाय. ॲप्रन काढा आणि डॉक्टरकडे जा."

"थर अंथरून झालेत, बाई. मधेच उठलं तर सरकतात."

"सरकू देत की."

"पोरीनं हे कशापायी उभं केलं ठाऊक आहे ना? त्या दिवशी मी उठून आलो नाही म्हणून. एवढं वय तिनं ह्यात घातलं, माझ्यामुळे. आता मीच अर्ध्यावर टाकून गेलो तर तिच्या आईला काय तोंड दाखवू?"

"अहो, तुम्हाला जाता यावं म्हणूनच तर केलंय ना तिनं?"

बाबांनी खडू उचलला. "एवढा एक फर्मा होऊ दे."

फर्मा झाला. सुरी म्यानात घालून त्यांनी ती जागेवर ठेवली, स्टुलावर बसले, आणि तिथून चेनवाल्यानं त्यांना उचललं.

मावशीचा फोन आला तेव्हा शेठ शाळेच्या खरेदी अधिकाऱ्यांसमोर बसली होती. ती उठली. "मी जातेय. वडिलांना दवाखान्यात नेलंय."

"अरेरे. पण पाचच मिनिटं बसा, सह्या तेवढ्या उरकून टाकू. संचालक आत्ताच येतायत, नंतर ते महिनाभर नाहीत."

"मी जातेय."

"मग आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल हो. शाळा उघडायला आली."

"बघा," शेठ म्हणाली आणि नमुन्याचं दप्तर तिथेच टाकून निघाली.

ती पोचली तेव्हा बाबा शुद्धीवर होते. छातीला वायरी, नाकाला नळी, आणि पलंगाभोवती हिरवा पडदा. बाहेर आत्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसलेली. डॉक्टर म्हणाले, भेटा, पण त्यांना बोलू देऊ नका. त्यांचा तो सूर शेठच्या ओळखीचा होता, आईच्या वेळचा.

तिला पाहताच बाबांनी उठायचा प्रयत्न केला. "तू इथे कशी? बैठक?"

"झाली."

"एवढ्यात? माझ्यासाठी टाकून नाही ना आलीस?"

त्यांच्या डोळ्यांत अशी काही भीती होती की शेठला एक क्षणही विचार करता आला नाही. "छे. सह्या झाल्या, मग आले. मिळालं काम."

"खरं?"

"सगळ्या शाळेचं."

बाबांनी मान उशीवर टेकली. खांदे सैल पडले. चेहऱ्यावर जरा रंग आल्यासारखा वाटला. "रंग कुठला ठरला?"

"करडा."

"करडा चांगला. मळ दिसत नाही. अस्तर?"

"निळं," शेठ म्हणाली. "फिकं निळं."

"पट्टे रुंद घे. पोरांच्या खांद्याला काचतात." त्यांचं उजवं बोट चादरीवर हलायला लागलं. आधी एक लांब सरळ रेघ, मग कोपऱ्यावरची गोलाई. ते थर लावून बघत होते, कापड वाया न घालवता तुकडे कसे बसतात ते. "झाकण आडवं घेतलं तर बाजूचा तुकडा त्यातूनच निघतो," ते म्हणाले. "पुढचे खिसे किती ठरले शेवटी?"

बोलू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ती बोलायला लागली.

कधीच शिवल्या न जाणाऱ्या दप्तराचे खिसे ती त्यांना एकेक करून सांगत गेली. पुढे एक मोठा, त्यावर झाकण. त्याच्या आत पेनांसाठी अरुंद कप्पे. पाण्याच्या बाटलीला बाजूला जाळीचा. डब्याला वेगळा कप्पा, तेल सांडलं तर पुस्तकांना लागू नये म्हणून मधे रेक्झिन. बाबांचं बोट आधी तिच्या बोलण्याबरोबर चाललं, मग जरा मागे पडलं, मग एका गोलाईपाशी थांबलं. वह्यांचा कप्पा मागच्या बाजूला, पाठीला टोचू नये म्हणून त्याला फोम. पाठीवर नाव लिहायला छोटी खिडकी.

नर्सनं पडदा सारून आत येऊन शेठच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती त्यांना मागच्या कप्प्याची चेन सांगत होती, डावीकडून उघडली तर लहान मुलांना कशी सोपी जाईल ते.